फाशी कुणाला, हे कसं ठरतं?

(मंगळवेढा येथे युवकांच्या बैठकीत एका वकील कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘फाशीची शिक्षा : योग्य की अयोग्य?’ मी त्यांना म्हटलं, हा विषय नको. यावर कॉलेजात वादविवाद स्पर्धा होतात, दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात आणि माणूस जसा आला होता तसाच घरी जातो. मला वेगळं बोलायचं आहे. फाशी ठरते कशी? कोण ठरवतं, काय बघून ठरवतं, किती वेळात ठरवतं? फाशी असावी असं ज्याला वाटतं, त्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही. उलट त्यालाच जास्त टाळता येत नाही.

आधी एक कबुली देतो. मी वकील आहे, पण फाशीचा खटला मी कधी चालवलेला नाही. माझं काम म्हणजे बांधावरची भांडणं, पोटगी, चेक बाउन्स, अधूनमधून मारामारी. पण निकालपत्रं वाचायची सवय आहे, आणि त्यातल्या एका निकालाने माझी झोप उडवली होती. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ शेतात झोपडी करून राहणारं एक गरीब कष्टकरी कुटुंब. काही दरोडेखोर घुसले. पाच जणांचा खून झाला, घरातल्या बाईवर आणि कोवळ्या मुलीवर अत्याचार झाला. ती बाई आणि तिचा मुलगा जबर जखमी होऊन वाचले. अशी बातमी आपल्या फोनवर आली तर संध्याकाळपर्यंत आपण काय स्टेटस ठेवू, ते तुम्हाला माहीत आहे. मीही ठेवलं असतं. तो राग खोटा नसतो.

पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, म्हणून खटला मुंबई हायकोर्टात गेला. २००७ मध्ये हायकोर्ट म्हणालं, गुन्हा सहाही जणांनी केला, पण फाशी तिघांनाच, बाकीच्या तिघांना जन्मठेप. आरोपी सुप्रीम कोर्टात गेले आणि सरकारही गेलं. सरकारचं म्हणणं होतं, त्या तिघांनाही फाशीच हवी. ३० एप्रिल २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं. पुन्हा सहाही जणांना फाशी.

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने, तीन न्यायाधीशांच्या पीठाने, सहाही जणांना निर्दोष सोडलं.

सहा, तीन, सहा, शून्य. माणसं तीच, कागद तेच, साक्षीदार तेच.

इथे किती जणांना हा खटला माहीत होता, जरा हात वर करा. … चार. बरं. आणि जुलै २००६ चा मुंबईच्या लोकलमधला बॉम्बस्फोटाचा खटला? सगळ्यांचेच हात वर आहेत. हे असं का, त्याकडे मी नंतर येतो.

२०१९ च्या निकालात काय निघालं? जी बाई वाचली, तिने घटनेनंतर दोन दिवसांतच, हॉस्पिटलमध्ये असताना, पोलिसांच्या गुन्हेगारांच्या अल्बममधून चार माणसांचे फोटो ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तो जबाब झाला होता. ते चौघं या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपासच पुढे झाला नाही, आणि खटला उभा राहिला तो या सहा जणांवर. हा जबाब नंतर कुठे सापडला असं नाही, पहिल्यापासूनच फाइलमध्ये होता. सुप्रीम कोर्टाने लिहिलं की हे लोक समाजाच्या अगदी खालच्या थरातले, अतिशय गरीब मजूर आहेत, आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असे आदेश झाले.

या सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. हे केव्हा ठरलं? तिन्ही कोर्टांचे निकाल होऊन गेल्यावर, काही वर्षांनी. म्हणजे एक अल्पवयीन मुलगा तीन कोर्टांतून फाशीचा आरोपी म्हणून गेला आणि त्याचं वय कुणी नीट विचारलं नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत किंवा कुराणशरीफच्या शेजारच्या पिशवीत, शाळा सोडल्याचा दाखला असेल. ज्यांची बिऱ्हाडं वर्षातून चार वेळा हलतात त्यांच्याकडे तो नसतो. कायद्याच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, पण फाशी आणि सुटका यांच्या मध्ये कधीकधी तेवढाच एक कागद असतो.

आता थोडा कायदा. कंटाळू नका, फार नाही.

इंग्रजांच्या काळात खुनाला फाशी हाच नेम होता, आणि १९५५ पर्यंत न्यायाधीशाने फाशी दिली नाही तर ‘का दिली नाही’ याची कारणं लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटं केलं. जन्मठेप हा नेम, फाशी हा अपवाद, आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ लिहायची. आणखी एक गोष्ट त्याच कायद्याने आणली, ती म्हणजे दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी वेगळी सुनावणी. माणसाने गुन्हा केला का, हा एक प्रश्न. त्याला काय शिक्षा द्यायची, हा दुसरा. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, पण या दोन्ही गोष्टी तिच्यातही आहेत.

१९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनेत बसते असं सांगितलं. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा शब्दप्रयोग तिथला, आज टीव्हीवर कुणीही वापरतो. पण त्या निकालात आणखी काही होतं, ते टीव्हीवर येत नाही. नुसता गुन्हा बघू नका, गुन्हेगारही बघा. त्याचं वय, त्याची परिस्थिती, त्याची मनःस्थिती. आणि हा माणूस सुधारूच शकत नाही, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. विरोधात मत देणारे पाचवे न्यायाधीश होते पी. एन. भगवती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की ही कसोटी इतकी सैल आहे की कुणाला फाशी होईल हे समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत त्यावर ठरेल. नाशिकचा खटला वाचल्यावर मला भगवती आठवतात.

कारण पुढे काय झालं बघा. १९९६ च्या सुमारास राजस्थानच्या रावजी नावाच्या खटल्यात दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की शिक्षा ठरवताना गुन्हा किती भयंकर आहे तेच बघायचं, गुन्हेगार कोण हे बघायचं नाही. म्हणजे बच्चन सिंगच्या नेमकं उलट. दोन न्यायाधीश पाच न्यायाधीशांचं म्हणणं मोडू शकत नाहीत, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. तरीही रावजीच्या आधारावर पुढची दहा-बारा वर्षं फाशीचे निकाल होत राहिले. नाशिकच्या सहा जणांना ३० एप्रिल २००९ रोजी फाशी देणाऱ्या निकालातही रावजीचाच आधार होता. आणि १३ मे २००९ रोजी, म्हणजे तेरा दिवसांनी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या पीठाने लिहिलं की रावजी चुकीचा आहे, तो मानू नका.

तेरा दिवस. सुनावणीची तारीख पुढची पडली असती तर?

आणि तो मूळचा रावजी? त्याला १९९६ मध्येच फासावर दिलं होतं. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की या चुकीच्या नियमावर फाशी झालेले तेरा कैदी अजून तुरुंगात आहेत, निदान त्यांची शिक्षा कमी करा. न्यायाधीश म्हणून आयुष्य काढलेली माणसं असं लिहितात, तेव्हा ते भावनेच्या भरात लिहीत नाहीत.

आता ही शिक्षेची वेगळी सुनावणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. मी नवा वकील असताना एका सत्र न्यायालयात सिनियरच्या मागे बसलो होतो. खुनाचा खटला होता, फाशीची शक्यता नव्हती, पण पद्धत तीच. दुपारी आरोपीला दोषी ठरवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी त्याला विचारलं, “शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का?” तो पिंजऱ्यात उभा. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, “घरी म्हातारी हाय, साहेब.” आमचे सिनियर उठले, म्हणाले आरोपी गरीब आहे, तरुण आहे, दया दाखवावी. खाली बसले. दोन मिनिटं लागली नसतील. मी त्या माणसाची कागदपत्रं वर्षभर हाताळली होती. तो शाळा का सुटला, लहानपणी ऊसतोडीला कुणाबरोबर जायचा, डोक्याला मार कधी लागला होता, यातलं मला काही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ते आपलं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. हा दोष मी कोर्टाच्या माथी मारत नाही, माझ्या खात्यात घालतो.

फाशीच्या खटल्यांतही बऱ्याच वेळा असंच होत आलं. दोषी ठरवलं त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत शिक्षा. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही. आरोपीचा मानसिक तपासणीचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल, त्याच्या घरच्या परिस्थितीची माहिती, हे सगळं सुरुवातीपासून गोळा करा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच दिवशी शिक्षा देणं योग्य का, हा प्रश्न पाच न्यायाधीशांकडे सोपवला गेला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात, ज्यात फेरविचार याचिका फेटाळून झाली होती, राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्जही फेटाळून झाला होता, त्यातही सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडायला परवानगी दिली. कारण शिक्षा देताना मनोज खटल्यातली काळजी घेतली गेली नव्हती. गुन्हा चार वर्षांच्या मुलीवरचा आहे. वाचताना माझे हात थरथरले. तरी मी म्हणतो, कोर्टाने बरोबर केलं.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला विचारलं, “सर, तुम्ही आरोपींचंच बोलणार, त्या बाईचं काय?” चांगला प्रश्न आहे. म्हणूनच मी नाशिकचा खटला निवडला. त्या बाईने सांगितलं होतं. अंगावर जखमा असताना फोटोवर बोट ठेवून सांगितलं होतं. तिचं कुणी ऐकलं? सहा गरीब माणसं सोळा वर्षं आत राहिली आणि ज्यांच्या फोटोवर तिने बोट ठेवलं त्यांना कुणी हात लावला नाही. फाशी सुनावली की लोकांना वाटतं न्याय झाला, फाइल बंद. त्या फाशीने त्या बाईचाही खटला बुडवला.

आता लोकल बॉम्बस्फोटाचा खटला. ११ जुलै २००६. कामावरून घरी निघालेली १८० हून अधिक माणसं गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. ओळख पटवणारे टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले होते, ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच राहिला नव्हता, कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांशी शब्दशः जुळत होते आणि मारहाणीच्या तक्रारी होत्या. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यात आधार म्हणून वापरायचा नाही. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला. त्याला हा निकाल कळलाच नाही.

या खटल्याला सगळ्यांचे हात वर आले, नाशिकला चार. का, ते तुम्हाला कळलं असेल. आपण ‘आपली पोरं’ म्हणून मोजतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, घरचं दुखणं आधी कळतं. पण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यात जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले निघाले. आणि मागास जाती-जमाती व धार्मिक अल्पसंख्याक मिळून ७६ टक्के. त्या रांगेत आपण एकटे नाही. पारधी आहे, दलित आहे, आदिवासी आहे, हमाल आहे, वीटभट्टीवरचा आहे. त्याच अहवालाचा आणखी एक आकडा : २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या आणि अपिलं पूर्ण झालेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या सुमारे ५ टक्के. जवळपास ३० टक्के लोक निर्दोष सुटले. शंभर एसटी सोडल्या आणि पाचच मुक्कामाला पोचल्या तर आपण डेपो मॅनेजरला काय म्हणू?

आता जरा अडचणीची गोष्ट सांगतो, बहुतेक तुम्हाला आवडणार नाही. नाशिकचे सहा जण सुटले कशामुळे? सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या निकालावर फेरविचार याचिका उघड्या कोर्टात ऐकली जाईल, अशी सोय तेव्हा नव्हती. अशा याचिका न्यायाधीश आपल्या दालनात, वकिलाला न ऐकता निकाली काढत. सप्टेंबर २०१४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका तीन न्यायाधीशांनी उघड्या कोर्टात ऐकलीच पाहिजे. त्या दारातून नाशिकचा खटला २०१८ मध्ये परत आत आला आणि कोर्टाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेतला. मग अपील पहिल्यापासून ऐकलं गेलं. हे दार उघडलं कुणाच्या याचिकेने? दिल्लीच्या लाल किल्ल्यावर डिसेंबर २००० मध्ये झालेल्या हल्ल्यातल्या आरोपीच्या. पाकिस्तानी नागरिक, अतिरेकी म्हणून दोषी ठरलेला. त्याची स्वतःची फाशी पुढे २०२२ मध्येही कायमच राहिली. पण त्याने मागितलेला हक्क जालना-नाशिककडच्या सहा मजुरांच्या कामी आला. ‘अशा माणसाला कसला हक्क?’ असं २०१४ मध्ये कोर्ट म्हणालं असतं, आणि बाहेर बरेच जण तसंच म्हणत होते, तर हे सहा जण आज कुठे असते?

दीन-धर्माबद्दल मी फार बोलत नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त एवढं सांगतो की फिकहच्या अभ्यासकांना ठाऊक असलेला जुना नियम आहे, शंका असेल तिथे हदची शिक्षा टाळा. काजीने चुकून माफ करणं हे चुकून शिक्षा देण्यापेक्षा बरं, असा त्याचा रोख. हे आपण अभिमानाने सांगतो. मग इराण आणि सौदीत दरवर्षी जे फासावर आणि तलवारीखाली जातात, त्यांच्या खटल्यांत शंकेला किती जागा मिळाली, हेही विचारायला हवं. ते न विचारता फक्त भारतातल्या कोर्टांना नियम शिकवायला गेलो तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आपण मंगळवेढ्यात बसलो आहोत, त्यामुळे दामाजीपंतांशिवाय भाषण पुरं होत नाही. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातलं धान्य लोकांना वाटलं. बीदरच्या दरबारातून पकडून आणायचा हुकूम निघाला. गोष्टीत विठोबा विठू महाराच्या रूपात दरबारात जातो, रक्कम भरतो, पावती घेतो आणि दामाजीपंत वाचतात. लहानपणी आमच्या घरीही ही गोष्ट सांगायचे, पीराच्या गोष्टींच्या बरोबरीने. आता वकील झाल्यावर ऐकतो तेव्हा माझं लक्ष पावतीवर जातं. त्यांची पावती वेळेत पोचली. नाशिकच्या पोराचा वयाचा पुरावा तिन्ही कोर्टांत पोचला नाही.

तर काम काय करायचं? मोर्चा काढा असं मी सांगायला आलो नाही. तुमच्यात एलएलबी करणारे तीन-चार जण आहेत. त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव नोंदवून तुरुंगाच्या भेटी कशा होतात ते बघावं. ज्याचा खटला चालू आहे त्याच्या घरी जाऊन दाखला, रेशनकार्ड, दवाखान्याचे जुने कागद, शाळेच्या मास्तरांची आठवण, हे गोळा करायला वकिलाची सनद लागत नाही. मनोज खटल्याने कोर्टाला ही माहिती मागायला सांगितली आहे, पण ती आणून देणारं कुणीतरी लागतं. सुरुवात आपल्या मोहल्ल्यापासून करू नका. पालावरच्या एखाद्या घरापासून करा, तिथे कुणीच जात नाही.

२०१९ च्या निकालाच्या दहा झेरॉक्स मी आणल्या आहेत. इंग्रजीत आहे, पण अवघड नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने निदान त्या बाईच्या जबाबाचा भाग वाचून या. मग मी प्रश्न विचारणार आहे.